माझी मंडळी थकली आहे

माझ्या सवतीचं आणि माझं नाव एकच होतं. मंडळी.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे तिच्यात येणारी माणसं. खेड्यातल्या जुन्या लोकांत मात्र मंडळी म्हणजे बायको. चारचौघांत बायको म्हणायची लाज वाटते, म्हणून एकटीला अनेकवचन. माझे यजमान मारेगावच्या एका लहानशा चर्चचे पाळक होते. रविवारची उपासना चालवायची, आजाऱ्याला भेटायचं, लग्नं लावायची, माती द्यायची, हे त्यांचं काम. तेव्हा त्यांच्या मंडळ्या दोन. एक तीसेक घरांची, आणि एक मी.

आमच्या लग्नात म्हाताऱ्या पाळकबाबांनी बायबलातल्या ठरलेल्या पाठावर उपदेश केला, की ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती नवऱ्याने बायकोवर करावी. माझ्या यवतमाळच्या कॉलेजातल्या मैत्रिणी मागच्या बाकावर होत्या, सगळ्या हिंदू. जेवणाच्या पंगतीत त्यांतली एक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुमच्या देवाच्या मंडळीचं नाव काय गं?" मी यांना सांगितलं, तर यांना असा ठसका लागला की पाठीवर थापा माराव्या लागल्या. पुढं कितीतरी दिवस कुणाला माझी ओळख करून द्यायची झाली की हे म्हणायचे, "ही माझी मंडळी. ती दुसरी देवाची, मी फक्त राखण करतो." मला ते खरं वाटायचं.

यांचं घरातलं बोलणं तेव्हा वऱ्हाडी होतं, आणि त्यात माझ्यासाठी एक 'वं' असायचा. काय वं, कुठं गेलती वं, आज भाजीत मीठ टाकाले इसरली काय वं. माझे वडील कचेरीत बाबू. आमच्या घरी 'वं' म्हटलेलं खपायचं नाही, गावंढळ वाटायचं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मग सवय झाली, आणि मग तो यायचा थांबला की चुकल्यासारखं वाटू लागलं. आमच्यात लाडानं बोलायची पद्धत नव्हती. जे काही होतं ते त्या एका अक्षरात होतं.

चर्चला टिनाचं छत होतं आणि मागं आमच्या दोन खोल्या. आवाराची भिंत छातीएवढी, तिच्या पलीकडं काकाजींचं घर. काकाजी आणि काकू, दोघंही साठीच्या पुढचे, मुलं आपापल्या संसाराला लागलेली. घरचं शेत, त्यात कापूस आणि तूर. काकाजींना पाळक हा शब्द कधी जमला नाही, ते यांना फादर म्हणत. पहिल्या वर्षी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "फादरले बायको चालते काय?" आमच्यात चालते, म्हटलं. "मंग बरं हाय," म्हणाले आणि भिंतीवरून वांगी दिली.

मग ती वर्षं आली. बोंडअळीची. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाहेरून चांगली दिसायची, बोंडं भरलेली, आणि उकलली की आत अळी आणि पिवळट चिकटलेली सरकी. असल्या कापसाला आमच्याकडं कवडी म्हणतात. फवारणी करून आलेली माणसं डोळे सुजून, उलट्या करत यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायची. काही परत यायची, काही नाही. आमच्या मंडळीतली घरं बहुतेक मजुरांची. शेतात काम उरलं नाही तसं एकेक घर कुलूप लावून निघालं, कुणी हैदराबादकडं, कुणी पुण्याला. दर रविवारी एखादा बाक आणखी रिकामा दिसायचा.

हे सगळीकडं जायचे. दवाखान्यात, मातीला, ज्यांच्या घरात कुणी बोलेना त्यांच्या ओट्यावर नुसते बसायला. हिंदूंच्या घरीही बोलावणं यायचं. सकाळी मोटारसायकलला किक मारून गेलेले दिवस मावळता यायचे, कपड्यांना दवाखान्याचा वास घेऊन. मला तक्रार करायला जागाच नव्हती. दारू पीत असते तर चार बायका माझ्या बाजूनं बोलल्या असत्या. चांगल्या माणसाची तक्रार करणारी बाई कुणालाच आवडत नाही, देवाला तर मुळीच नाही, असं मला वाटायचं.

हळूहळू व्यासपीठावरची भाषा घरात आली. 'वं' कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी गॅस संपला म्हणून सांगितलं आणि हे म्हणाले, "प्रभू पुरवठा करील." मी म्हटलं, प्रभू सिलेंडर खांद्यावर घेऊन येत नाही, एजन्सीत जावं लागतं. हे हसले नाहीत. पूर्वी हसले असते. कुठल्याही गोष्टीवर "प्रभू मार्ग दाखवील", "प्रभूची इच्छा". जे वाक्य रडणाऱ्या माणसाला द्यायचं तेच मला. मी रडत नव्हते, मला नुसतं बोलायचं होतं.

आणि जेवणाची प्रार्थना. आमच्यात ताटावर बसल्यावर घरचा कर्ता माणूस देवाचे आभार मानतो. पाळक पाहुणा असेल तर तो. कुणाच्याही घरी जेवलो की यांची प्रार्थना ऐकत राहावी. पावसाबद्दल, मातीबद्दल, पेरणाऱ्याबद्दल, आणि शेवटी ठरलेलं, 'ज्या हातांनी हे अन्न शिजवलं त्या हातांना, प्रभू, तुझा आशीर्वाद असो.' तेवढं म्हटलं की त्या घरची बाई पदर सावरायची. मी किती घरांत पाहिलंय. काहीजणी डोळे मिटायच्या ऐवजी स्वतःच्या हातांकडं पाहायच्या. आमच्या घरी ही प्रार्थना झिजत झिजत 'प्रभू, आभार, आमेन' एवढी झाली. तीही एका दमात, तोवर एक हात भाकरीवर. माझे हात तिच्यातून कधी गळाले ते यांना कळलंच नसेल.

त्याच सुमारास मला चष्मा लागला. यवतमाळला बहिणीकडं गेले होते तेव्हा करून आणला, तपकिरी काड्यांचा. परत आले त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम यांच्यासमोर बसून जेवले. यांनी विचारलं, बहीण कशी आहे, तिच्या नवऱ्याची बदली झाली का, बसला गर्दी होती का. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भिंतीपलीकडून पाहिल्याबरोबर म्हटलं, "चश्मा लागला काय वं तुले? मास्तरीण दिसतं." मी आत गेले आणि चष्मा काढून थोडी रडले. मग म्हटलं, बघू किती दिवस लागतात. तो हंगाम गेला, दुसरा आला. यांना चष्मा दिसला नाही.

बहीण यवतमाळला शाळेत शिक्षिका होती. त्या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाला बाई हवी होती, तिथंच राहणारी. खोली, जेवण, सगळं तिथंच. बहिणीनं फोनवर विचारलं आणि मी लगेच नाही म्हटलं नाही, तेव्हाच आम्हा दोघींना कळलं. पाळकाची बायको नवऱ्याला सोडून जात नाही. ती सेवेला जाते. कुणी बोट ठेवणार नाही, उलट चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना होईल. वर्ष जाईल, दोन जातील, नाताळला भेटायचं, आणि एक दिवस सगळ्यांना तेच बरोबर वाटू लागेल. असं संपलेलं लग्न मी पाहिलं होतं. कापणीचा सण झाला की कळवते, असं मी बहिणीला सांगितलं. यांना अजून बोलले नव्हते.

सणाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी दारात काकाजी आणि काकू दोघं उभे. काकाजी कधी आमच्या दारातून आले नव्हते, त्यांचा सगळा व्यवहार भिंतीवरून. आणि डबा काकूंच्या नाही, त्यांच्या हातात होता. पातळ मुगाची खिचडी, वरून तूप.

काकू माझा हात धरूनच बसल्या. "तुले काय होते ते मले सांग. आंगावरचं दुखनं हाय काय? लाजू नोको."

मला काही नाही झालं, म्हटलं. कुणी सांगितलं?

काकूंनी काकाजींकडं पाहिलं. काकाजी उभेच होते, टोपी हातात. "पोरी, मी कान देऊन नाई ऐकलं. कडब्याची पेंढी घेऊन भितीपाशी होतो. फादर तुमच्या त्या देवळात एकटेच होते. मोठ्यानं बोलून राह्यले होते देवाशी."

आमच्यात प्रार्थना मोठ्यानेच करतात. मी म्हटलं, हो, ते रोज बसतात.

"म्हणत होते, देवा, माही मंडळी थकली हाय. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. म्या तिले काईच देऊ शकलो नाई. आता ते मले सोडून चालली. तिले थांबव, देवा." काकाजींनी टोपी चुरगळली. "मानूस रडत होता, पोरी. म्हून मी हिले म्हटलं, फादरची मंडळी लय बिमार हाय, आन् आपुन शेजारी असून आपल्याले मालूम नाई."

आधीच्याच आठवड्यात आणखी दोन घरं हैदराबादकडं गेली होती. सोडून चालली ती कोण, हे मला लगेच कळलं. हे त्यांच्या मंडळीसाठी रडले होते. दुसरीसाठी. मी चष्मा काढून पदरानं पुसत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. त्या दोघांना वाटलं मला रडू आलं.

सांगायला हवं होतं. काकाजी, मंडळी म्हणजे आमच्यात चर्च हो, एवढंच. तोंडाशी आलेलं, पण काकाजी काकूंकडं वळून म्हणाले, "आन् मी पाह्य. जिंदगी गेली. पऱ्हाटीसाठी नारळ फोडले, बैलासाठी फोडले, हिच्यासाठी देवापाशी एक शब्द नाई बोललो." काकू म्हणाल्या, "आता कायले? चाला घरी." पण त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि माझं वाक्य मी गिळलं. तू नशीबवान हायेस, असं जाताना काकाजी म्हणाले. ते गेल्यावर मी खिचडी खाल्ली. दुसरीसाठी आलेली होती, पण नाव माझंही होतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी धुणं वाळत घालताना भिंतीपलीकडं दिसलं. काकू ओट्यावर पाय पसरून बसलेल्या, आणि काकाजी त्यांच्या बोटांना तेल लावत होते. कापूस वेचताना वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागतात, बायकांची बोटं दिवाळीपासून होळीपर्यंत भरतच नाहीत. काकू हात ओढत होत्या, "सोडा, लोकं पाह्यतीन." काकाजी म्हणत होते, "पाहू दे." तेल जरा जास्तच गरम केलं असावं, कारण काकूंनी एकदा हाय केलं आणि मग दोघंही हसले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि राग आला. माझ्या नवऱ्याच्या प्रार्थनेनं दुसऱ्याच्या घरात दिवा लागला होता, तोही शब्दाचा अर्थ चुकल्यामुळं. आमच्या घरात अर्थ बरोबर होता म्हणून अंधार.

त्या संध्याकाळी हे वेळेवर आले. "प्रभू, आभार, आमेन." मी वाढता वाढता सांगितलं, काकाजी आणि काकू डबा घेऊन आले होते, तुम्ही प्रार्थनेत काय म्हणालात ते त्यांनी ऐकलं. "त्यांना वाटलं तुम्ही माझ्यासाठी रडत होतात."

यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "तू काय सांगितलंस?"

"काही नाही. खिचडी खाल्ली."

यांनी घास ताटात परत ठेवला. काही बोलतील म्हणून मी थांबले. चटणीचं भांडं उगाच इकडचं तिकडं केलं. मग मीच सांगून टाकलं. वसतिगृह, खोली, सण झाला की जाते.

"प्रभूची इच्छा असेल," हे म्हणाले, "तर मी आड येणार नाही."

ताट उचलून आपटावं असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा. प्रभूची इच्छा मी विचारलीच नव्हती. नवऱ्याची विचारली होती.

कापणीचा सण आला. आमच्याकडं कापूस वेचतात, कापत कुणी नाही, तरी सणाचं नाव कापणीचाच. शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढं ठेवायचं आणि एका वाक्यात देवाचे आभार मानायचे. चांगल्या वर्षी पुढं चालायला वाट उरत नसे. कापसाची गाठोडी, ज्वारीची कणसं, कोहळे, कोंबडी बांधलेली, ती भर उपासनेत ओरडायची आणि पोरं हसायची. त्या वर्षी टेबलाचं कापड दिसत होतं. एक म्हातारी पदरातून कवडी कापूस घेऊन आली, पिवळा, काळे ठिपके पडलेला. टेबलावर ठेवला, आभार मानायला तोंड उघडलं, आणि काही न बोलताच जागेवर जाऊन बसली.

काकाजी-काकू दर वर्षी या सणाला येत, मागच्या बाकावर बसत. शेवटी हे उभे राहून म्हणाले, "आता आपण मंडळीसाठी प्रार्थना करू या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही, मला हल्ली डोळे मिटवत नव्हते. म्हणून मला दिसलं. काकाजी मागं उठून उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले, आणि वेदीकडं नाही, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या शेजारी काकूही. बिचाऱ्यांना वाटलं, सगळं चर्च माझ्या दुखण्यासाठी प्रार्थना करतंय.

यांचा आवाज चालू होता, पाठ झालेला, गुळगुळीत. मग यांनी मधेच डोळे उघडले. त्यांना काकाजी दिसले, काकाजी कुणाकडं पाहताहेत ते दिसलं. आणि ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी प्रार्थना सांगता येते तो पुढचं वाक्य विसरला. लोक वाट पाहत राहिले. छतावर कबुतरांची पावलं वाजत होती. यांनी तसंच अर्ध्यावर आमेन म्हटलं. पाळकसाहेब थकलेत, असं बाहेर बायका बोलत होत्या.

दोन दिवसांनी मी गेले. यांनी एस.टी. स्टँडवर बॅग आणून दिली, प्रवासासाठी उभ्या उभ्या प्रार्थना केली. बस करंजी गावाच्या रस्त्याला वळेपर्यंत तिथंच उभे होते. मी मागं पाहिलं ते मान अवघडली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

वसतिगृहात मुलींचा गोंगाट होता, तो मला बरा वाटला. सकाळची घंटा, दूध, वेण्या, तापलेल्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या. दिवस जात होते. संध्याकाळी पोरी अभ्यासाला बसल्या की मात्र काही सुचायचं नाही. फोन आला तर हे विचारायचे, तब्येत बरी आहे ना, आणि म्हणायचे, प्रभू सांभाळील. काकूंचा फोन जास्त यायचा. एकदा म्हणाल्या, "तुह्या घरातून जळक्या भाकरीचा वास येते रोज. मी म्हटलं, साहेब, मी करून देतो, तर म्हणते, नाई काकू, मले शिकवा. तव्यावर हात ठेवला परवा. थापाले येत नाई अन् उलटाले जाते." मला हसू आलं आणि मग ते टिकलं नाही.

पाळकाचा सुटीचा दिवस सोमवार. थंडीतल्या एका सोमवारी शिपाईण सांगत आली, तुमचे साहेब आलेत. हे वसतिगृहाच्या अंगणात लिंबाखालच्या बाकावर बसले होते, मांडीवर डबा. वाळले होते. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, तिथं टाचणी. मी जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे डबा ठेवला. खिडकीत दोन-तीन पोरी जमल्या, त्यांना मी डोळ्यांनी हाकललं.

मला एकच विचारायचं होतं आणि ते कित्येक दिवस माझ्याजवळ होतं. म्हटलं, "त्या दिवशी कुठल्या मंडळीसाठी रडत होतात?"

हे प्रभूची इच्छा म्हणाले असते तर मी उठून गेले असते. ते डब्याच्या कडीशी चाळा करू लागले.

"सुरू केलं तेव्हा चर्चसाठीच केलं," हे म्हणाले. "थकली म्हणालो, तोवर चर्चच होतं. मग म्हणालो, तोंडावरचं हसू गेलं, तर तुहंच तोंड समोर आलं. चर्चले कुठं तोंड असते. मंग पुढचं सगळं... मले समजलंच नाई कोनासाठी. मी भेलो. उठून निंगून गेलो."

"मग त्या संध्याकाळी मी विषय काढला तेव्हा का नाही सांगितलं?"

"काकाजीले ऐकू गेलं आन् तुले सांगाले मीच मागं राह्यलो. लाज वाटली." आणि मग, "लोकाच्या घरी बोलून बोलून माह्याजवळ घरासाठी काई उरतच नव्हतं. तुले वाटलं असन् मले समजत नाई. समजत होतं."

कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून ती भाषा ऐकली. मी रागावलेलीच होते. एवढ्यानं राग जात नसतो, आणि माझा तर नाहीच. पण हातांना काहीतरी करायला हवं म्हणून मी डबा उघडला. दोन भाकरी, कडा फाटलेल्या, मधे काळे डाग. वांग्याची भाजी, तिचं पाणी सुटलेलं. यांनी सवयीनं डोळे मिटले, आणि मग उघडून म्हणाले, "आज तू कर प्रार्थना."

पाळक असताना आमच्यात ताटावर दुसरं कुणी प्रार्थना करत नाही. मी डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, पावसाबद्दल, पेरणाऱ्याबद्दल. आणि मग ते ठरलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि अडकलं. इतकी वर्षं जे मला ऐकायचं होतं ते मला म्हणायचं होतं, आणि ज्यांच्यासाठी म्हणायचं ते हात शेजारीच होते. मी डोळे उघडले. उजव्या हाताच्या बोटांवर दोन फोड, एक फुटलेला. कुणी तेल लावलेलं नव्हतं. लहान पोर बसावं तसे हे डोळे मिटून, वाट पाहत बसले होते.

"ज्या हातांनी हे अन्न शिजवलं," मी म्हटलं, "त्या हातांना, प्रभू, तुझा आशीर्वाद असो." आमेन यांनी म्हटलं.

मी भाकरीचा तुकडा मोडला. जळका होता, मीठ नव्हतं. हे माझ्याकडं पाहत होते, म्हणजे खरंच पाहत होते, कपाळाला आठ्या घालून.

"चश्मा नवा घेतला काय वं?"

मी चष्मा नाकावर नीट केला. नवा नाही, म्हटलं. केव्हाचाच आहे.

"असं," हे म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. किती दिवसांचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भाजीतलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं होतं, तेही त्यांना दिसलं नव्हतं. मी पदरानं टिपलं. मारेगावात आता किती घरं येतात उपासनेला, असं मी विचारलं. बोटांवर मोजता येतील इतकीच नावं यांनी घेतली. नाताळापर्यंत आणखी एक जाणार होतं.

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा मी डबा धुऊन आणून दिला आणि म्हटलं, "पुढच्या सोमवारी येऊ नका."

यांनी डबा घेतला. चेहरा असा झाला की मला पुढचं वाक्य घाईनं बोलावं लागलं.

"शनिवारी मीच येते. रविवारी मंडळीत एक माणूस तरी वाढेल."